रिफंड आला म्हणजे मिटलं?

रिटर्न भरलं, रिफंडचा एसएमएस आला, की आपण ते वर्ष विसरून जातो. इन्कम टॅक्स खातं मात्र विसरत नाही. जुनी फाइल पुन्हा कधी उघडते, का उघडते आणि कोणाची उघडता येत नाही, याची ही गोष्ट.

रिटर्न भरायचा सीझन संपला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बारावीच्या रिझल्टसारखं वातावरण असतं. 'तुझा आला?' 'परवाच आला. तुझा?' 'अजून नाही यार, प्रोसेसिंगच दाखवतंय!' विषय अर्थातच रिफंडचा. ज्याचा आला त्याच्या चेहऱ्यावर डिस्टिंक्शन मिळाल्याचं तेज, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडून सगळ्यांना वडापाव. या लेखासाठी मी पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच नोकरदार मित्रमैत्रिणींशी बोलले. बहुतेकांचं ठाम मत एकच निघालं. रिफंड आला म्हणजे खात्यानं रिटर्न तपासलं, पास केलं, विषय संपला.

सॉरी मंडळी, पण तसं नाहीये.

रिटर्न भरल्यावर आपल्याला जी इंटिमेशन येते, ती बंगळुरूच्या प्रोसेसिंग सेंटरमधल्या कॉम्प्युटरनं केलेली बेरीज-वजाबाकी असते. तुम्ही लिहिलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, कापलेल्या टीडीएसशी जुळतात का, एवढंच तिथे पाहिलं जातं. कुठल्याही अधिकाऱ्यानं चष्मा लावून तुमचं रिटर्न वाचलेलं नसतं. राजेश जव्हेरी स्टॉक ब्रोकर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली हे स्पष्टच सांगून टाकलं : इंटिमेशन म्हणजे आकारणी नव्हे. खात्यानं त्यावर कुठलंही मत बनवलेलं नसतं, त्यामुळे 'तुम्ही आधी मान्य केलं होतंत, आता कसं बदलता?' असा सवालही आपल्याला करता येत नाही.

म्हणजे रिफंड येतो, तरीही फाइल उघडू शकते. मग ती उघडते कशावरून? आयकर कायद्यातल्या या भागाला फेरआकारणी म्हणतात. १९६१ च्या कायद्यात ती १४७ आणि १४८ या कलमांत होती. एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांसाठी २०२५ चा नवा कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, पण त्याआधीच्या वर्षांचे हिशेब जुन्याच कायद्यानं होतात. नंबर लक्षात ठेवायची गरज नाही. लक्षात ठेवायचा तो एक प्रश्न, जो या विषयावरच्या खटल्यांत गेली साठ-पासष्ट वर्षं पुन्हा पुन्हा विचारला गेलाय : त्या माणसानं सगळं सांगितलं होतं का?

नावच 'सहज'!

माझा एक कॉलेजमित्र हिंजवडीत आहे. अमेरिकन कंपनी, छान पॅकेज, बाणेरला फ्लॅट, घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. मार्च २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात, अख्खी टीम इयर-एंडच्या गडबडीत असताना, त्याला ई-मेल आला. २०२०-२१ या वर्षाबद्दल. 'तुमचं ३४ लाख रुपयांचं उत्पन्न आकारणीतून सुटलं आहे, असं सुचवणारी माहिती आमच्याकडे आहे. फेरआकारणी का करू नये, ते सांगा.' भाषा अर्थातच कोरडी, सरकारी इंग्रजी. त्याला आधी वाटलं, फ्रॉड मेल असणार. मग पोर्टलवर लॉग इन करून पाहिलं, तर नोटीस तिथेही हजर!

झालं होतं असं. कंपनी त्याला पगाराबरोबर अमेरिकेतल्या मूळ कंपनीचे शेअर्स द्यायची. शेअर हातात पडायचे त्या दिवशी त्यांची किंमत पगारात धरली जायची आणि टॅक्स कापला जायचा. फॉर्म १६ मध्ये सगळं व्यवस्थित दिसायचं. 'टॅक्स तर कापलाय ना, मग आणखी काय?' हे त्याचं लॉजिक. तुमच्यापैकी अनेकांचंही तेच असेल. पुढे २०२० साली महाराष्ट्र सरकारनं सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सवलत दिली. आठवतंय? लॉकडाउनमध्येही रजिस्ट्रेशनसाठी रांगा लागल्या होत्या. यानंही ठरवलं, आत्ता नाही तर कधीच नाही. साठलेले शेअर्स विकले, ३४ लाख आले, ते फ्लॅटमध्ये घातले, वर लोन काढलं.

आणि त्या वर्षीचं रिटर्न भरलं 'सहज' फॉर्मवर. म्हणजे आयटीआर-१. नावासारखाच सोपा, दहा मिनिटांत होतो. पण ज्याच्याकडे परदेशातले शेअर्स आहेत किंवा ज्याला असे शेअर्स विकून नफा झालाय, त्याला हा फॉर्म चालतच नाही. त्याला आयटीआर-२ लागतो, त्यात परदेशी मालमत्तेचं वेगळं परिशिष्ट असतं, शेअर्सवरच्या नफ्याचं वेगळं. यातलं काहीच त्यानं भरलं नव्हतं. वर्षभरात मिळालेला डिव्हिडंडही नाही. आणि हो, रिफंड आला होता. ११ हजार रुपये!

खात्याला कळलं कसं, हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर फारसं फिल्मी नाही. ३० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचा फ्लॅट रजिस्टर झाला, की सब-रजिस्ट्रार ऑफिसकडून ती माहिती आयकर खात्याकडे जाते. परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकेशी २०१५ साली झालेल्या करारातून आणि इतर देशांशी असलेल्या अशाच व्यवस्थेतून येते. नोव्हेंबर २०२१ पासून तर पोर्टलवर एआयएस नावाचं पान आहे, त्यात आपल्याबद्दल खात्याला काय काय माहीत आहे त्यातला बराचसा भाग आपल्यालाच दिसतो. हे पान बँकेच्या पासबुकासारखं वरचेवर बघत जा. माझ्या ओळखीतले लोक ते फक्त नोटीस आल्यावर उघडतात.

आता खरी गंमत ऐका. म्हणजे मित्रासाठी ती गंमत नव्हतीच. त्याच्या ३४ लाखांपैकी २१ लाखांवर पगार म्हणून आधीच टॅक्स कापला गेलेला होता. उरला नफा १३ लाखांचा. त्यातला ९ लाखांचा नफा दोन वर्षांहून जुन्या शेअर्सवरचा, म्हणजे दीर्घ मुदतीचा. आणि कायदा सांगतो, की अशा विक्रीतून आलेले पैसे ठरलेल्या मुदतीत घरात गुंतवले, आधीची एकापेक्षा जास्त घरं नावावर नसली, तर त्या नफ्यावरचा टॅक्स माफ! याचं तर ते पहिलंच घर. म्हणजे त्यानं त्या वेळी सगळं लिहिलं असतं, तर ९ लाखांच्या नफ्यावर शून्य टॅक्स आणि उरलेल्या ४ लाखांवर सव्वा लाखाच्या आसपास. सव्वा लाख! बाणेरच्या फ्लॅटमध्ये तेवढ्याचं फर्निचरही होत नाही.

न लिहिल्यामुळे काय झालं? टॅक्स तर द्यायचाच. त्यावर महिना १ टक्का व्याज, म्हणजे चार वर्षांचं जवळजवळ निम्मं. आणि वर दंड. दंडाचं गणित नीट वाचा, कारण या सगळ्या विषयाचा जीव तिथे आहे. उत्पन्न कमी दाखवलं तर त्यावरच्या टॅक्सच्या ५० टक्के दंड. पण तथ्य दडवून किंवा चुकीची मांडून कमी दाखवलं तर २०० टक्के! पहिला माणूस हिशेबात चुकलेला, दुसरा लपवणारा. चौपट फरक आहे.

घराची सवलत आता मिळेल का? ज्या उत्पन्नावरून फाइल उघडली त्याच्याशी जोडलेली सवलत फेरआकारणीत मागता येते, असं त्याच्या सीएंचं म्हणणं. पण चार वर्षांपूर्वी जी एका ओळीत मिळाली असती, ती आता कागदांचे गठ्ठे लावून, वाद घालून मागायची. मला तो भेटला तेव्हा केस सुरू होती. टॅक्सपेक्षा त्याला दुसरीच गोष्ट खात होती. त्याचे बाबा जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून रिटायर झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या व्हाउचरमध्ये चार आण्यांचा फरक शोधणारा माणूस. 'त्यांना कसं सांगू? नोटीस म्हटलं की त्यांच्या डोक्यात एकच शब्द येतो, अफरातफर.' मी विचारलं, मग नाही सांगितलंस? तर म्हणाला, नाही. आई म्हणते, तू हल्ली फोनवर नीट बोलत नाहीस.

मंगळ आपण सांगायचा, कुंडली त्यांनी बघायची

'सगळं सांगितलं' म्हणजे नेमकं किती? इथे आपल्याला कलकत्त्याला जावं लागेल. कलकत्ता डिस्काउंट नावाची एक कंपनी होती. १९४० च्या दशकात तिनं काही शेअर्स विकले, विक्रीचा तपशील अधिकाऱ्याला दिला, अधिकाऱ्यानं तो गुंतवणुकीवरचा नफा मानला, टॅक्स लावला नाही. १९५१ साली खात्याला साक्षात्कार झाला, की ही गुंतवणूक नसून शेअर्सचा धंदाच होता, आणि कंपनीनं ते सांगितलं नाही. नोटिसा गेल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं आणि १९६० मध्ये जो निकाल लागला, तो आजही टॅक्सच्या वकिलांना तोंडपाठ असतो.

न्यायालय म्हणालं, करदात्यानं मूळ तथ्यं पूर्ण आणि खरी सांगायची. काय विकलं, कितीला, कधी, कोणाला. त्या तथ्यांवरून निष्कर्ष काढणं, तो धंदा की गुंतवणूक हे ठरवणं, हे अधिकाऱ्याचं काम. 'साहेब, यावरून तुम्ही असा असा निष्कर्ष काढा बरं का,' हे करदात्यानं शिकवायचं नसतं. आणि अधिकाऱ्यानं समोरच्या तथ्यांवरून चुकीचा निष्कर्ष काढला, तर त्याचं खापर करदात्यावर फोडता येत नाही.

लग्न जमवतानाचं उदाहरण घ्या. पत्रिकेत मंगळ असेल तर तो सांगायचा, एवढं आपलं काम. तो सौम्य की कडक, चालतो की नाही, हे समोरच्यांनी त्यांच्या गुरुजींना विचारावं. सांगितल्यावरही त्यांनी होकार दिला, तर साखरपुड्यानंतर सहा महिन्यांनी 'तुम्ही आम्हाला फसवलंत' म्हणता येत नाही. पण जन्मवेळच बदलून दिली असेल तर? मग लग्नानंतर दहा वर्षांनीही विषय निघतो आणि निघाला की मिटत नाही.

याच तत्त्वावर जुन्या कायद्यात एक कवच होतं. अधिकाऱ्यानं रीतसर छाननी करून आकारणी केली असेल आणि आकारणी वर्ष संपून चार वर्षं उलटली असतील, तर फाइल पुन्हा उघडता यायची नाही. अपवाद प्रामुख्यानं एकच, करदात्यानं महत्त्वाची तथ्यं पूर्ण आणि खरी सांगितली नसतील तर. त्यातही एक पाचर होती. हिशेबाच्या वह्यांचा ढीग टेबलावर ठेवला आणि 'नीट शोधलं असतं तर सापडलं असतं' म्हटलं, तर ते 'सांगणं' धरलं जाईलच असं नाही. पाचशे पानी पीडीएफ जोडून ४७२ व्या पानावर तळटीप देणाऱ्या हुशार मंडळींनी हे वाचून ठेवावं.

मुंबई उच्च न्यायालयानं २००४ मध्ये हिंदुस्तान लिव्हरच्या खटल्यात खात्यालाही दम भरला. फाइल उघडायची तर कोणतं तथ्य करदात्यानं सांगितलं नाही, ते कारणांमध्येच लिहा. नंतर कोर्टात येऊन नवी कारणं जोडायची नाहीत. आणि २०१० मध्ये केल्व्हिनेटरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की त्याच कागदांवर नुसतं मत बदललं म्हणून फाइल उघडता येत नाही. साहेब बदलले, नव्या साहेबांना वेगळं वाटलं, एवढं कारण पुरत नाही.

२०२१ मध्ये हे सगळं कलमच नव्यानं लिहिलं गेलं. 'तथ्यं सांगितली नाहीत' ही जुनी अट गेली. त्याजागी खात्याकडे 'माहिती' असली पाहिजे आणि फाइल उघडण्याआधी करदात्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, अशी पद्धत आली. सप्टेंबर २०२४ पासून मुदतीही बदलल्या. सुटलेलं उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आकारणी वर्ष संपल्यापासून ३ वर्षं ३ महिन्यांपर्यंत नोटीस काढता येते, ५० लाख किंवा जास्त असेल तर ५ वर्षं ३ महिन्यांपर्यंत. त्यातली पहिली, खुलासा मागणारी नोटीस अनुक्रमे ३ आणि ५ वर्षांच्या आत यायला हवी. माझ्या मित्राची मार्चअखेर आली, ती त्यामुळेच. ३१ मार्च २०२५ उलटला असता तर ते वर्ष सुटलं असतं. पाच दिवसांचा प्रश्न होता!

मग जुनी अट गेली म्हणजे सांगणं-न सांगणं याला अर्थ उरला नाही? उरला. मत बदललं म्हणून फाइल उघडता येत नाही, हे तत्त्व नव्या कलमालाही लागू आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सीमेन्स फायनान्शियलच्या प्रकरणात म्हटलं. आणि ५० टक्के की २०० टक्के, हा प्रश्न तर तसाच उभा आहे.

आत्याचे बारा लाख

माझी एक मैत्रीण ठाण्याला असते. ग्राफिक डिझायनर आहे, स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे. २०१९ साली स्टुडिओ सुरू करताना तिच्या आत्यानं तिला १२ लाख रुपये दिले. आत्या शाळेत मुख्याध्यापिका होती, लग्न केलं नाही, भाचीवर जीव. मैत्रिणीनं दोन गोष्टी केल्या. एका साध्या कागदावर आत्याकडून लिहून घेतलं, की ही भेट आहे, परत करायची नाही. आणि रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात १२ लाख लिहिले. तिचा भाऊ तेव्हा म्हणाला होता, 'करमुक्त आहे ना, मग लिहितेस कशाला? उगाच डोळ्यांवर येशील!'

आली ना डोळ्यांवर. छाननीची नोटीस आली. तिनं आत्याचं पत्र, आत्याचं बँक स्टेटमेंट, पेन्शनचे कागद, नातं दाखवणारं रेशन कार्ड, सगळं पोर्टलवर चढवलं. २०२२ मध्ये अधिकाऱ्यानं मान्य केलं. भाऊ म्हणाला, 'बघ, सांगितलं नव्हतं?'

आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा नोटीस. त्याच १२ लाखांची! बँकेतली ती एन्ट्री खात्याच्या सिस्टिमनं परत वर काढली होती. मैत्रीण सांगते, पहिल्या नोटिशीला रात्रभर झोप लागली नव्हती, दुसऱ्या वेळी मात्र फक्त राग आला. सीएनं दीड पानाचं उत्तर लिहिलं. ही रक्कम आम्ही अमुक रकान्यात लिहिली होती, छाननीत अमुक तारखेला हे कागद दिले, अमुक तारखेच्या आदेशात ती मान्य झाली. सोबत पोचपावत्या. काही आठवड्यांत उत्तर आलं : फेरआकारणी करण्याजोगं प्रकरण नाही. फाइल बंद.

इथे एक उपकथा, लग्नसराईत उपयोगी पडेल. आत्या, काका, मामा, मावशी, आई-बाबा, सख्खी भावंडं, सासू-सासरे, यांनी कितीही दिलं तरी ते करमुक्त. पण चुलतभाऊ, मामेबहीण, आतेभाऊ हे कायद्याच्या नजरेत 'नातेवाईक' नाहीत! त्यांच्याकडून किंवा मित्रांकडून वर्षात एकूण ५० हजारांपेक्षा जास्त आलं, तर सगळी रक्कम उत्पन्नात धरली जाते. स्वतःच्या लग्नात आलेला आहेर तेवढा, कोणीही दिलेला असो, माफ. गोव्याच्या ट्रिपसाठी मामेभावानं ट्रान्सफर केलेले ८० हजार त्याला परत देणार असाल, तर ते उसने आहेत. तसा एक मेसेज चॅटमध्ये राहू द्या.

खात्याची बाजू मी घेतेय असं वाटत असेल, तर थांबा. एकदा तपासून मान्य केलेली गोष्ट पुन्हा विचारणं हा निव्वळ ढिसाळपणा आहे. २०२१ मध्ये तर कळस झाला. एप्रिलपासून नवी पद्धत लागू झालेली असताना खात्यानं करोनाकाळातल्या मुदतवाढीचा आधार घेत जुन्याच पद्धतीनं सुमारे ९० हजार नोटिसा पाठवल्या. देशभरातल्या उच्च न्यायालयांत हजारो याचिका गेल्या, अनेक न्यायालयांनी नोटिसा रद्द केल्या. शेवटी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या नोटिसा नव्या पद्धतीतल्या खुलासा-नोटिसा समजाव्यात असा मधला मार्ग काढला. त्यातूनही मुदतीचे वाद उरले, ते ऑक्टोबर २०२४ पर्यंत चालले. वकिलांचं भलं झालं. सामान्य माणसाची तीन वर्षं गेली.

'दहा टक्के द्या, रिफंड काढून देतो'

मित्राचं प्रकरण अज्ञानातलं म्हणता येईल. तिसरा प्रकार मात्र सरळसरळ खोटं लिहिण्याचा आहे, आणि तो ऑफिसांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खुलेआम चालतो. कुणीतरी 'टॅक्स कन्सल्टंट' असतो, बहुतेकदा सीए नसतोच. तुमचा फॉर्म १६ घेतो आणि त्यात भर घालतो : न दिलेलं घरभाडं, न घेतलेलं शैक्षणिक कर्ज, कधी नावही न ऐकलेल्या राजकीय पक्षाला दिलेली देणगी. रिफंड येतो. त्यातले काही टक्के त्याचे. रिफंड आला म्हणजे पास, या समजावरच त्याचा धंदा उभा आहे.

जुलै २०२५ मध्ये आयकर खात्यानं देशभरात १५० ठिकाणी अशा लोकांवर छापे घातले. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली रिटर्न्स सुधारून १०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले होते, असं खात्यानंच सांगितलं. माणशी अडीच लाखांहून थोडे जास्त. हे काही उद्योगपती नव्हेत, तुमच्या-आमच्या शेजारच्या क्युबिकलमधली माणसं आहेत.

आई-बाबांना घरभाडं देणं यात काही बेकायदा नाही, हेही सांगून टाकते. पण ते खरोखर त्यांच्या खात्यात जमा व्हायला हवं, घर त्यांच्या नावावर हवं आणि त्यांनी ते आपल्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं. डिसेंबरात एचआरचा मेल आल्यावर दुकानातून पावतीपुस्तक आणून बाबांच्या बारा सह्या एकाच पेननं घेतल्या, तर त्या सह्या बाबांच्याच असल्या तरी भाडं खोटंच असतं.

नोटीस आलीच तर

आधी ती खरी आहे का ते बघा. ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर एक ओळख क्रमांक असतो, तो पोर्टलवर टाकून खात्री करता येते. खरी निघाली तर मुदत पाहा आणि त्या मुदतीत उत्तर द्याच. 'बघू पुढच्या महिन्यात' हे इथे चालत नाही; उत्तर नाही आलं तर अधिकारी हातातल्या माहितीवर पुढे जातो. या पहिल्या नोटिशीचं उत्तर ही सगळ्यात स्वस्त पायरी असते. माझ्या मैत्रिणीचं प्रकरण इथेच मिटलं. खात्याकडची माहिती नोटिशीसोबत जोडलेली असते, ती नीट वाचा. कधी कधी जॉइंट खात्यातले आईचे पैसे तुमच्या नावावर दिसतात, कधी एकच व्यवहार दोनदा. मित्राच्या नोटिशीतही पूर्ण ३४ लाख 'सुटलेलं उत्पन्न' म्हणून होते; त्यातल्या २१ लाखांवर टॅक्स कापलेला आहे, हे फॉर्म १६ लावून त्यालाच दाखवावं लागलं.

आणि नोटीस आलेलीच नाही, पण हे वाचताना पोटात गोळा आला असेल तर? जुनी सॅलरी स्लिप, नोकरी बदलली त्या वर्षीचा दुसरा फॉर्म १६, फ्रीलान्सिंगचे पैसे, क्रिप्टो, परदेशी शेअर्स यातलं काही राहिलं असेल, तर २०२२ पासून 'अपडेटेड रिटर्न'ची सोय आहे. २०२५ मध्ये तिची मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून दोनवरून चार वर्षांवर गेली. राहिलेला टॅक्स आणि व्याज यांच्यावर जादा रक्कम भरायची : पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. महाग वाटतं, पण २०० च्या शेजारी ठेवून बघा.

परदेशी शेअर्सवाल्यांनी आणखी एक आकडा लिहून घ्या. परदेशी मालमत्ता रिटर्नमध्ये दाखवली नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो, मग त्यावर टॅक्स लागत असो वा नसो. ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर हा दंड नाही. रकाना मात्र तरीही भरायचाच आहे. २०२४ च्या शेवटी खात्यानं अशा करदात्यांना नुसते मेसेज पाठवले, तर त्या मोहिमेत २९ हजार कोटींहून जास्त परदेशी मालमत्ता कागदावर आली. एसएमएसवर!

आणि हो, अपडेटेड रिटर्न फक्त टॅक्स वाढत असेल तरच भरता येतं. रिफंड वाढवून घ्यायला ते चालत नाही.